हळद, कॅन्सर आणि मागे घेतलेले पेपर : डॉ. भरत अग्रवाल यांच्या संशोधनाचं नेमकं काय झालं?

हळदीने कॅन्सर बरा होतो, असा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला की त्यात बऱ्याचदा 'अमेरिकेतल्या संशोधनात सिद्ध' अशी एक ओळ असते. ही ओळ अगदीच हवेतून आलेली नाही. हळदीला पिवळा रंग देणारं रसायन म्हणजे कर्क्युमिन. या कर्क्युमिनचं नाव कॅन्सर संशोधनात गाजवणाऱ्यांमध्ये आघाडीवर होते भारतीय वंशाचे डॉ. भरत अग्रवाल.

अग्रवाल यांची सुरुवात हळदीपासून झालेली नाही. 1980 च्या दशकात ते जेनेनटेक या अमेरिकन कंपनीत होते. तिथे 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' हे प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळवण्याच्या आणि त्याची रचना उलगडण्याच्या कामात त्यांचा सहभाग होता. या प्रथिनाला रोखणारी औषधं आज रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांना दिली जातात. 1989 मध्ये ते ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये गेले आणि पुढे कर्क्युमिनकडे वळले. पेशीतली दाह वाढवणारी यंत्रणा कर्क्युमिन दाबतं, असं त्यांचे पेपर सांगत होते.

शेकडो पेपर झाले. इतर शास्त्रज्ञांनी आपल्या लेखनात त्यांचा आधार घेतला. याला सायटेशन म्हणतात, आणि अग्रवाल यांच्या सायटेशनचा आकडा लाखाच्या पुढे आहे.

मोठा आकडा म्हणजे काय?

शास्त्रज्ञाचं वजन मोजायला 'एच-इंडेक्स' वापरतात. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी 2005 मध्ये तो सुचवला. एखाद्याचे 50 पेपर असे असतील की प्रत्येकाला किमान 50 सायटेशन आहेत, तर त्याचा एच-इंडेक्स 50. हिशोब सोपा आहे, पण त्याला बरं-वाईट कळत नाही. 'हा निष्कर्ष चुकीचा आहे' असं लिहून कुणी पेपरचा उल्लेख केला, तरी ते सायटेशन मोजलं जातं.

अग्रवाल यांच्या पेपरमधल्या चित्रांवर प्रश्न उपस्थित झाले. वेगवेगळ्या प्रयोगांची म्हणून छापलेली चित्रं एकसारखी दिसत होती. फेब्रुवारी 2016 मध्ये 'बायोकेमिकल फार्माकॉलॉजी' या एकाच जर्नलने त्यांचं नाव असलेले 7 पेपर मागे घेतले. पुढे ही संख्या 30 च्या घरात गेली. अशा पेपरवर अनेक सहलेखक असतात, त्यामुळे पेपर मागे घेतला एवढ्यावरून नेमकं कुणी काय केलं ते ठरत नाही. त्या माहितीवर विसंबता येणार नाही, इतकंच त्यातून कळतं. आणि शेकड्यातले 30 पेपर गेले म्हणून बाकीचं सगळं खोटं ठरतं, असंही नाही.

अडचण पुढे आहे. मागे घेतलेला पेपर कुणी पुसून टाकत नाही. त्यावर शिक्का बसतो, पण जुन्या लेखांमधले, पुस्तकांमधले त्याचे उल्लेख तसेच राहतात. कर्क्युमिनच्या गोळ्यांच्या जाहिरातींना तर शिक्का बघायची गरजच वाटत नाही.

मग कर्क्युमिनचं काय?

2017 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मध्ये कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. माणसांवरच्या 120 पेक्षा जास्त चाचण्या झाल्या होत्या. पण रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही खरी गोळी कुठली ते माहीत नाही, अशा कडक पद्धतीच्या एकाही चाचणीत ते औषध म्हणून यशस्वी ठरलेलं नव्हतं.

यामागे रसायनशास्त्र आहे. कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, पोटातून रक्तात फारच कमी पोहोचतं आणि चटकन मोडतं. शिवाय ते स्वतः चमकतं. त्यामुळे चमक मोजून निकाल देणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या फसू शकतात आणि परिणाम नसताना परिणाम दिसतो. काळ्या मिरीतल्या पायपरिनमुळे त्याचं शोषण वाढतं हे खरं, पण पायपरिन इतर औषधांचं प्रमाणही बदलू शकतं. म्हणून केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाने अशा गोळ्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. भाजीतल्या चमचाभर हळदीचा इथे प्रश्न नाही. हळदीत कर्क्युमिन जेमतेम काही टक्केच असतं.

फॉरवर्डमध्ये एखाद्या पेपरचं नाव दिलं असेल तर ते पबमेडवर टाकून बघता येतं. मागे घेतलेल्या पेपरवर तशी सूचना ठळक दिसते. 'रिट्रॅक्शन वॉच'चा डेटाबेसही मोफत आहे. त्यात शास्त्रज्ञाच्या नावाने शोधता येतं.