चिमणीचे बिऱ्हाड



हमालांच्या पुढाऱ्याने मजुरीवर बोलावे, चिमणीवर कशाला, असे कोणी म्हणेल. पण चिमणी ही आमच्या मोंढ्यातलीच. तागाच्या पोत्याला हमालाचा हुक लागे, दाणे सांडत. ते झाडून नेणाऱ्या बाया आणि चिमण्या, दोघींचेही पोट त्या सांडलेल्या दाण्यांवर चाले. पुढे प्लास्टिकची पोती आली. त्यांना हुक लावायचा नाही, म्हणून दाणाही सांडत नाही. व्यापाऱ्याचे नुकसान टळले. बायांचे सूप रिकामे राहिले आणि चिमण्या उठल्या.

चिमणीचा इतिहास म्हणजे माणसाच्या घराचा इतिहास. शेती करणाऱ्या माणसाच्या धान्यामागे ती आली आणि त्याच्याच भिंतीत राहिली. बीडच्या जुन्या घरांत माळवदाच्या तुळयांमध्ये, कोनाड्यात, तसबिरीमागे तिचे बिऱ्हाड असे.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट उजाडली. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती बहुतांशी दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. आमच्याकडेही माळवदाखाली निजावयास लोक भिऊ लागले. हमालांना सिमेंटची घरे मिळावीत म्हणून मी मोर्चे काढले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पहिल्या घराच्या वास्तुशांतीला एक म्हातारा हमाल छताकडे बघत म्हणाला, "घर झ्याक हाय, पर चिमनी कुठं ऱ्हाईल?" सगळे हसले. मीही हसलो.

चिमणीची किंमत न ओळखण्याचा मोठा धडा चीनने घेतला. १९५८ साली तेथे उंदीर, माश्या, डास यांच्याबरोबर चिमणीही शत्रू ठरली. ती धान्य खाते, एवढेच पाहिले गेले. ती किडेही खाते, हे विसरले गेले. चिमण्या मारल्या, किडी माजल्या. नंतर जो भीषण दुष्काळ पडला त्याची कारणे पुष्कळ होती, पण हे त्यांतले एक. १९६० मध्ये चिमणीचे नाव यादीतून काढून तेथे ढेकणाचे घालावे लागले.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. मोठी चिमणी दाण्यावर जगते, पण पिलाला आळ्या-किडे भरवावे लागतात. फवारणीने किडे गेले, फरशीने अंगण गेले, तर घरट्यात पिलू वाढायचे कसे? मोबाइलच्या मनोऱ्यांकडे पुष्कळजण बोट दाखवतात. परंतु तेच मुख्य कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. त्याप्रमाणे त्याआधीच्या सुमारे २५ वर्षांत देशभर चिमणी बरीचशी टिकून होती. घट दिसते ती मुंबईसारख्या सहा महानगरांत. याचा अर्थ, चिमणी संपलेली नाही. शहराने तिला घराबाहेर काढले आहे, आणि बाहेर काढलेल्याला परत बोलावता येते.

त्याला फार खर्च नाही. छज्जाखाली लाकडी खोके, त्याला सव्वा इंचाचे भोक. उन्हाळ्यात परळभर पाणी. परसात एखादे देशी झुडूप, त्यावर विष न फवारलेले. पुढच्या वसाहतीच्या मागणीपत्रात मी एक कलम घालणार आहे: प्रत्येक घराच्या छज्जाखाली चिमणीसाठी एक खोबण. समोरचे लोक हसतील. हसू देत. त्या दिवशी मीही हसलो होतो.