रंगाखालची फळी

मराठी इतिहासलेखनात जहाज येते ते बहुधा शिडे उभारून. गुराबा, गलबते, शिबाडे, मचवे, तरांडी अशी नावांची मालिका बखरींत भेटते; लढाईचे स्थळ आणि पाडाव झालेल्यांची मोजदाद सापडते. परंतु वर्षातले चार महिने हीच जहाजे किनाऱ्यावर ओढलेली, शिडे उतरवलेली, अंगावरचे शेवाळ आणि शिंपले खरवडून काढलेली अशी उभी असत. त्या चार महिन्यांत त्यांच्या अंगाचे जे केले जाई त्यावर उरलेल्या आठ महिन्यांचे भवितव्य ठरे. हा भाग लेखणीच्या वाट्याला फारसा आलेला नाही, कारण तो सुताराचा, आणि सुताराने लिहून ठेवण्याची चाल नव्हती.

अपवाद म्हणून रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे पाहावे लागते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या या ग्रंथाचे आरमार-प्रकरण राजनीतीचे म्हणून वाचले जाते. ते लाकडाचे म्हणूनही वाचता येते. आरमारासाठी सागवान तोडावे तर परवानगीने तोडावे, आंबा-फणस ही झाडे उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा त्यातील भाग सर्वपरिचित आहे. त्यामानाने दुर्लक्षित राहिलेला भाग पावसाळी छावणीचा. पाऊस सुरू होण्याच्या आधीच आरमार किल्ल्याच्या आश्रयाला न्यावे, आणि ही छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, असे तेथे बजावले आहे. एकाच गावाला आरमाराचा उपद्रव सोसावा लागू नये हा त्यातला हेतू. किनाऱ्यावर ओढलेले जहाज लाकूड, तेल, राळ, काथ्या आणि माणसांचे श्रम मागते, आणि ते कोणाकडून घेतले जातात हे अमात्यांना ठाऊक होते. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठी खडकात कोरलेली गोदी आजही दिसते. ती गोदी म्हणजे या चार महिन्यांचे दगडात राहिलेले एकमेव मोठे साक्षीपत्र म्हणावे लागेल.

हे काम नेमके काय असते, याचा थोडा तपशील पाहणे आवश्यक आहे. पाण्याबाहेर काढलेल्या जुन्या जहाजाचे अंग प्रथम खरवडले जाते. मग दिसते ती फळीची खरी अवस्था: कोठे किड्याने पोखरलेली, कोठे खिळ्याभोवती काळवंडलेली, कोठे शेजारच्या फळीपेक्षा दोन दोरे वर आलेली. कुजलेला तुकडा काढून त्याजागी नवा बसवतात. नवा तुकडा मुद्दाम किंचित जाड ठेवलेला असतो, म्हणजे तो नंतर वाकसाने आणि रंध्याने उतरवता येतो. यानंतर खरी परीक्षा सुरू होते. एक लांब, लवचीक पट्टी अंगावर टेकवून ती नाळेपासून मागपर्यंत फिरवायची. जेथे पट्टीखाली फट दिसेल तेथे खळगा, जेथे पट्टी अडेल तेथे उंचवटा. रंधा सरळ रेघेत न चालवता तिरपा चालवावा लागतो, नाहीतर एक उंचवटा काढताना दुसरा निर्माण होतो. अनुभवी कारागीर सकाळी किंवा तिन्हीसांजेला काम तपासतो, कारण तिरप्या उन्हात सावली लबाडी करीत नाही. शेवटी तळहात फिरवतो. डोळ्याला जे कळत नाही ते हाताला कळते, असा या व्यवसायाचा अनुभव आहे.

उथळ खळगे लांबीने भरतात, पण येथेच नवशिका फसतो. पाण्याबाहेर लाकूड सुकते, फळ्या आकसतात आणि सांधे उघडे पडतात. ते उघडे सांधे पाहून त्यांत कठीण लांबी भरण्याचा मोह होतो. जहाज पुन्हा पाण्यात गेले की फळ्या फुगतात, आणि भरलेले सारे बाहेर तरी येते किंवा फळीची कड तरी चेपून टाकते. म्हणून सांध्यात कापूस किंवा काथ्या ठासायचा, त्यावर राळ-तेलाचे मऊ मिश्रण द्यायचे आणि फुगण्यासाठी जागा सोडायची. लाकूड जिवंत नसले तरी त्याची हालचाल संपलेली नसते. त्यावर अस्तराचा पहिला हात, आणि मग रंग. जुन्या काळी युरोपीय गोद्यांत या अस्तरासाठी शेंदूर तेलात खलून वापरीत.

पश्चिम किनाऱ्यावरील कारागिरांनी या प्रश्नाचे एक वेगळेच उत्तर काढले होते. दोन फळ्या नुसत्या कडेला कड लावून ठेवण्याऐवजी त्यांच्या कडा खाचा पाडून एकमेकींत बसवीत. एका कडेला रंग फासायचा, दोन्ही फळ्या जुळवून पाहायच्या, रंगाचा डाग जेथे उमटेल तेथे लाकूड तासायचे, आणि डाग कडेच्या सर्व लांबीवर सारखा उमटेपर्यंत हे चालू ठेवायचे. मग मध्ये राळेत भिजलेला कापूस घालून फळ्या कायमच्या बसवायच्या. १७७० च्या दशकात सुरतेस आलेल्या स्टाव्होरिनस या डच प्रवाशाला ही पद्धत इतकी लक्षणीय वाटली की त्याने तिचे वर्णन करून ठेवले. या पद्धतीत रंग जहाजाला शोभा आणण्यासाठी शेवटी येत नाही. तो आरंभीच येतो आणि चूक कोठे आहे ते सांगतो.

सुरतेहून हे कौशल्य मुंबईस आले ते १७३६ साली, लवजी नसरवानजी वाडिया यांच्याबरोबर. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत बांधलेल्या जहाजांची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. १८४२ साली चीनवर लादलेला नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर झाला ते जहाजही याच गोदीतले. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे जहाज दुसरे आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. तिच्या कण्यात पारशी प्रथेप्रमाणे चांदीचा खिळा ठोकण्यात आला, असे सांगतात. तिचे मूळ आराखडे ज्या ‘जावा’ जहाजातून मुंबईस यायचे होते ते १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने नष्ट केले, दुसरी प्रत येईपर्यंत काम थांबले. पुढे ट्रिंकोमालीने अनेक अवस्था पाहिल्या. १८९७ नंतर तर तिचे नावही बदलले, आणि ‘फुद्रोयाँ’ या नावाने ती मुलांचे प्रशिक्षण-जहाज म्हणून जवळजवळ नव्वद वर्षे राहिली. १९८७ साली ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आणली गेली, १९९० मध्ये जीर्णोद्धार सुरू झाला, तो २००१ पर्यंत चालला. तिचे मूळ नाव तिला परत मिळाले. निम्म्याहून अधिक लाकूड अजून मुंबईत घातलेलेच आहे. पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून ती ओळखली जाते. ते लाकूड टिकले याचे श्रेय मात्र सागवानातल्या तेलाला आणि ते निवडणाऱ्या माणसांना द्यावे लागते.

जीर्णोद्धारात एक प्रश्न अटळ असतो: खरवडायचे कोठवर? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न अनोळखी नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे तीन शतकांच्या लेखकांनी चढवलेले थर होते. त्यांनी अपपाठ काढले आणि पुढे कोणी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत असेही बजावले. तरीही १९०९ साली राजवाड्यांनी निराळ्या, अधिक जुन्या म्हणून मानलेल्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा एकनाथांनी गुळगुळीत केलेल्या जागी जुन्या भाषेचे खडबडीत रूप वाचकाला दिसले. एकनाथांचा रंधा आणि राजवाड्यांची खरवडणी यांत कोणाचे बरोबर, हा वाद केवळ पांडित्याचा नाही. एकनाथांची प्रत वारकऱ्यांच्या नित्य वाचनात होती; तिला प्रवाहात चालायचे होते. राजवाड्यांच्या प्रतीला फक्त खरे असायचे होते. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने तिसरा मार्ग पत्करला. संशयित भाग मूळ पाठातून काढला, पण तो फेकून दिला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवला. उत्तम जहाज-जीर्णोद्धारातही काढलेली फळी मापे घेऊन, खूण करून ठेवतात, ती याच न्यायाने.

शेंदराचा उल्लेख वर आला. महाराष्ट्रातील देवळांत शेंदराचे थर मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढतात, आणि केव्हातरी ती खोळ उतरून आतली मूर्ती अगदी वेगळी निघते. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीचे हेच झाले. शेकडो किलो शेंदूर उतरल्यावर प्रकटलेले रूप पाहून भाविक चकित झाले. पण ज्यांनी तो शेंदूर लावला होता त्यांच्या भक्तीचाही तो थर होता, हे विसरता येत नाही. जहाजाच्या बाबतीत भावना कमी गुंतलेली असते असे वाटेल, तसे नाही. कोळ्याच्या होडीवरचे जुने रंग सुरीने थरथर काढले तर घराण्याच्या तीस-चाळीस हंगामांचा तो आलेख ठरतो.

आणखी एक अडचण आहे. म्हातारे जहाज वाकते. दोन्ही टोके खाली उतरतात, मध्य वर येतो. अशा अंगावर पट्टी टेकवताना कोणती रेषा खरी धरायची, बांधणाऱ्याची की काळाची? ज्या ‘कॉन्स्टिट्यूशन’मुळे ट्रिंकोमालीचे आराखडे हरवले, त्याच जहाजाचा फुटाहून अधिक आलेला बाक १९९२ ते १९९६ च्या दुरुस्तीत काढण्यात आला. ते शक्य झाले कारण मूळ रचनेतले, पुढे काढून टाकलेले तिरपे आधार अभ्यासकांना जुन्या कागदांत सापडले. कागद नसता तर केवळ डोळ्याला बरी वाटणारी रेषा काढली गेली असती, आणि ती कोणाचीच नसती.

कागदच नाही, आणि लाकूडही नाही, अशा ठिकाणी काय करावे? अकराव्या शतकातील भोजाच्या नावावरील ‘युक्तिकल्पतरु’त नौकांच्या रंगांचा विधी आहे: चार डोलकाठ्यांच्या नौकेला पांढरा, तीनीला तांबडा, दोहोंना पिवळा, एकीला निळा. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात याकडे लक्ष वेधले. हा नियम प्रत्यक्षात किती पाळला गेला हा प्रश्न वेगळा. शास्त्रकारांना संख्या आणि रंग यांची जुळणी करण्याची हौस दांडगी असते. त्याच ग्रंथात समुद्रातील लोहचुंबकाच्या भयाने तळाच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, दोराने बांधाव्यात, असेही सांगितले आहे. कारण काल्पनिक, पण दोराने शिवलेली जहाजे मात्र खरी. मार्को पोलोने होर्मुझला अशी जहाजे पाहिली. त्यांना डांबर नव्हे तर माशाचे तेल फासतात हे त्याने लिहिले आणि त्यांच्या टिकाऊपणाबद्दल नाराजीही नोंदवली.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील पाचव्या शतकातल्या जहाजावरून बांधलेली ‘कौंडिण्य’ ही याच परंपरेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात तिच्या कण्याचे काम सुरू झाले. केरळातील कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली तिच्या फळ्या काथ्याच्या दोराने शिवल्या आणि सांधे नैसर्गिक राळेने बुजवले. चित्रात जहाजाची बाहेरची बाजू तेवढी दिसते. आतली रचना, पाण्याखालचा आकार, फळ्यांची जाडी यांतले काहीच नाही. मद्रासच्या आयआयटीत आकाराच्या चाचण्या घेऊन तो निश्चित करावा लागला. म्हणजे येथे रंगवलेल्या पृष्ठभागावरून आतील जहाज शोधले गेले. ट्रिंकोमालीच्या बाबतीत नेमके उलट घडले होते. २१ मे २०२५ रोजी कारवारला ती नौदलात दाखल झाली, वर्षाखेरीस पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी २०२६ च्या मध्यास मस्कतला पोहोचली. वाटेत फळ्या भिजून फुगल्या असणार आणि दोर आवळले गेले असणार. शिवलेल्या जहाजाचा घट्टपणा पाण्यातच पुरा होतो. असे जहाज किनाऱ्यावर परत आले की दोरांचा ताण तपासणे, सैल टाके बदलणे, सांध्यांत राळ भरणे आणि सबंध अंगाला पुन्हा तेल चोळणे, ही कामे पहिल्या पावसाआधी उरकावी लागतात.