उधन्याचं मैदान

२ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात पूर आला, त्यानंतर काही दिवस मी पंचनाम्यांचे कागद भरत होतो. घर पडलं, गुरं वाहून गेली, माड उन्मळले, भातशेतीत रेती शिरली, सगळ्याला रकाना होता. एका वाड्यावर मुलं मला हाताला धरून त्यांचं खेळायचं मैदान दाखवायला घेऊन गेली. तिथं दगडगोट्यांचा खच पडला होता. मी तो शेऱ्यात लिहिला. वरच्या साहेबांनी विचारलं, "याचा मालक कोण?" मला उत्तर देता आलं नाही. त्या वेळी मला उधना आठवलं.

सुरत शहरातून नवसारीच्या रस्त्याला लागलं की उधना येतं. मुलूख गुजरातचा, पण गल्लीत शिरलं की कानावर अहिराणी पडते. उधना-जळगाव रेल्वेनं जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं इथं आली आणि यंत्रमागांवर राबू लागली. बारा बारा तासांच्या पाळ्या, दहा बाय दहाची खोली. आमच्या आत्याचे यजमान रेल्वेत होते, म्हणून आम्हा गोंयकारांचा उधन्याशी संबंध.

ऑगस्ट २००६ चा सुरतचा पूर बऱ्याच जणांना आठवत असेल. १९६८ साली तापीनं सुरत बुडवली होती. १९७२ मध्ये उकाईचं धरण झालं आणि पूर संपले असं धरून लोकांनी नदीकाठ घरांनी भरून टाकला. १९९८ ला पाणी पुन्हा येऊन गेलं, तरी फरक पडला नाही. २००६ मध्ये धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. ९ ऑगस्टला राखी होती, त्या दिवशी कित्येक बहिणी गच्चीवर बसून होत्या. धरण आधी इतकं भरू का दिलं, यावर पुढं पुष्कळ वाद झाला. तो विषय वेगळा.

रांदेर-अडाजणची जी गत झाली ती उधन्याची झाली नाही. या भागाला खरा त्रास खाड्यांचा. पाऊस झोडपू लागला की मिठी खाडी, भेदवाड खाडी फुगते आणि कडेच्या वस्त्यांत शिरते. आत्याच्या चाळीमागचं मैदान अशाच एका खाडीला लागून होतं. मी पोचलो तेव्हा पाणी उतरून आठवडा झाला होता. मैदानावर वीतभर काळा गाळ, आणि त्यावर लोकांनी आणून टाकलेल्या भिजक्या गाद्या, कुजलेल्या साड्यांचे गठ्ठे, मागांचे मोडके भाग. वास असा की जेवण जाईना.

माग बंद होते, म्हणजे रोजंदारीही बंद. चाळीतली पोरं रिकामीच होती. त्यांनी फावडी-घमेली गोळा केली. मला वाटलं, २७ तारखेला गणेश चतुर्थी, मंडपासाठी जागा करताहेत. तसं बोललोही. एक जण हसला. मंडप दरवर्षी गल्लीतच पडतो म्हणाला, ही जागा कबड्डीची. "हाई आपलं मैदान शे, भाऊ."

त्यांच्या म्होरक्याचं म्हणणं साधं होतं. दिवाळीपर्यंत इथं कुणी खेळलं नाही, तर पत्र्याची शेड उभी राहील. आज गाद्या टाकल्या, उद्या कुणाचं तरी भंगार येईल, परवा कुंपण. उधन्यात मोकळी जागा मोकळी राहत नाही.

गाळ काढणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. ओला असताना फावडं मारलं तर खालची चांगली मातीही चिकटून निघते, आणि पूर्ण वाळला तर विटेसारखा होतो. मधले दोन-तीन दिवस नेमके पकडावे लागतात. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात लेप्टोचा ताप असतोच, त्यामुळे पायाला जखम असलेल्याला आत्याचे यजमान चिखलात उतरू देत नसत. अशा पोरांना त्यांनी पाणी आणायला लावलं. मीही चार दिवस घमेली वाहिली, तळहाताला फोड आले. पुढे माग सुरू झाले, तेव्हा रात्रपाळी संपवून सकाळी सातला आलेली माणसं घरी जाण्याआधी दोन-दोन घमेली टाकून जात.

आमच्याकडे शिगम्याआधी मांड झाडून सारवायचा तर गाव कुणाच्या हुकुमाची वाट बघत नाही. ते मला इथं दिसलं. फक्त इथल्या मांडाला ना देव, ना मानकरी.

पुढं वाचत गेलो तसं कळलं की आपत्तीनंतर मुलांची जागा सगळीकडेच आधी जाते. जपानात २०११ च्या त्सुनामीनंतर अनेक शाळांच्या मैदानांवर तात्पुरती घरं उभी राहिली आणि ती काही वर्षं हलली नाहीत. इलाज नव्हता, पण मुलांचं धावणं बंद झालं. त्याच जपाननं १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योत प्राथमिक शाळांना लागून ५२ छोटी उद्यानं बांधली होती, संकटात आसऱ्याला आणि एरवी खेळायला. अमेरिकेत २०१२ च्या सॅन्डी वादळानंतर न्यू जर्सीच्या अग्निशमन दलातल्या लोकांनी बिल लॅव्हिन यांच्या पुढाकारानं २६ क्रीडांगणं उभारली. सॅन्डी हुक शाळेतल्या गोळीबारात गेलेली २० मुलं आणि ६ शिक्षक-कर्मचारी, प्रत्येकाच्या नावे एक. आपल्या किल्लारीला १९९३ नंतर नवी गावं वसली, रुंद रस्ते, ऐसपैस प्लॉट. मोकळी जागा भरपूर, पण मोकळी जागा म्हणजे मैदान नव्हे. मैदान पायांनी तयार होतं.

उधन्यात पहिला डाव चतुर्थीच्या आदल्या रविवारी झाला. दुसऱ्याच चढाईत एकाच्या टाचेत काच घुसली. डाव थांबला. कुणी कुणाला बोललं नाही. घरातून चाळण्या आल्या आणि दोन दिवस ती पोरं सगळं मैदान चाळत बसली, गहू निवडल्यासारखी. मग मुरूम पसरला.

परवा आतेभावाला फोन केला तेव्हा सहज विचारलं, मैदान आहे का अजून? म्हणाला, आहे. खाडीकडून दहा-बारा हात कमी झालंय, पण मधला पट्टा आहे.