कागदावरचा थेंब

हडपसर म्हटले की आज मगरपट्ट्यातील उंच इमारती आणि सोलापूर रस्त्यावरची कोंडी आठवते. पण या गावाचा रक्ताशीही एक जुना संबंध आहे. सायरस पूनावाला यांच्या घोडपैदाशीतील, शर्यतीच्या कामाचे न उरलेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यांच्या रक्तापासून प्रतिविषे तयार होत. मग हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. कामातून निवृत्त झालेल्या शरीराच्या रक्तातही काही मोलाचे असते, हे इथे घोड्यांनी दाखवून दिले. माणसांच्या म्हातारपणाकडे त्या नजरेने पाहायला मात्र जगाला वेळ लागला.

वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असे पूर्वी अनेक डॉक्टरही मानत. या समजुतीला धक्का दिला तो अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या लहान शहरातील अभ्यासाने. १९४८ मध्ये तिथे ३० ते ६२ वर्षांच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि दर दोन वर्षांनी तीच माणसे पुन्हा तपासली गेली. वाढता रक्तदाब हा वयाचा स्वभाव नसून हृदयविकाराची पूर्वसूचना आहे, हे त्यातून कळले. पण त्यासाठी माणसाला दवाखान्यात यावे लागे. शेकडो गावांतील म्हाताऱ्यांना असे कसे आणणार?

उत्तर मिळाले पाळण्यातून. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवून तपासण्याची पद्धत रूढ केली. वाळलेला थेंब टपालानेही जाई. पुढे हीच युक्ती म्हाताऱ्या बोटांसाठी कामी आली. अमेरिकेत १९९२ मध्ये केवळ प्रश्नावलीवर सुरू झालेल्या आरोग्य व निवृत्तीविषयक राष्ट्रीय पाहणीत २००६ पासून घरी जाऊन शारीरिक मोजमापे आणि रक्ताचे थेंब घेतले जाऊ लागले.

आपल्याकडे या थेंबाची गरज अधिकच. ‘डॉक्टरांनी तुम्हाला मधुमेह सांगितला आहे का?’ या प्रश्नाला डॉक्टरची पायरी कधी न चढलेली बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, आणि कागदोपत्री निरोगी ठरते. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये हाच विरोधाभास मांडला होता : आयुर्मान जास्त असलेल्या केरळात लोक आजार अधिक सांगतात, आणि बिहारात कमी. केवळ विचारून मोजले, तर दवाखाना नसलेले गाव सर्वांत सुदृढ दिसेल.

पुण्याच्या परिसराला घरोघरच्या नोंदीची सवय आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढू परिसरातील २२ गावांत २००२ पासून जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांचा मागोवा ठेवला. देशपातळीवर मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाच्या दीर्घकालीन पाहणीची पहिली फेरी केली. ४५ वर्षांवरील (आणि त्यांच्या जोडीदारांसह) ७२,००० हून अधिक लोकांची उंची, वजन, रक्तदाब, हाताच्या पकडीची ताकद, चालण्याचा वेग, फुप्फुसांची क्षमता, नजर अशी मोजमापे घरीच घेतली गेली. बोटातला थेंब कागदावर वाळवला गेला. त्यातून हिमोग्लोबिन आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज मिळतो. या थेंबांच्या कामात पुण्याच्या भोसरीतील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा सहभाग होता.

इथे एक प्रश्न उरतो. रक्तदाबाचा आकडा उंबरठ्यावरच सांगता येतो. थेंबाचे उत्तर मात्र प्रयोगशाळेत, पुष्कळ दिवसांनी तयार होते. साखर वाढलेली निघाली आणि ती फक्त तक्त्यात गेली, तर देणाऱ्याच्या पदरात काय पडले? म्हणून संमती म्हणजे केवळ अंगठा नव्हे. थेंब कुठे जाणार, किती काळ राहणार, उत्तर कोणाला मिळणार, हे त्याच्या भाषेत सांगणे हा मोजमापाचाच भाग आहे.

हडपसरच्या जुन्या वस्तीत वय विचारले, तर ‘पानशेत फुटलं तेव्हा मी शाळेत होतो’ असे उत्तर अजूनही मिळते. १९६१ चा तो पूर त्यांचे वय सांगतो; थेंब त्या वयाने शरीरात काय केले ते सांगतो. पण थेंब देणारा पुन्हा दार उघडेल, तरच दुसरी फेरी होईल. दीर्घकालीन अभ्यास अखेर या विश्वासावरच चालतो.