मतदार, वर्तमानपत्र आणि १९७७ ची निवडणूक



आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत असते की, लोकशाही बिघडते ती अडाणी मतदारामुळे. निवडणूक आली की सुशिक्षितांच्या बैठकीत हा सूर हमखास निघतो. ‘ज्याला धड वाचता येत नाही, त्याला काय कळते?’ असे म्हणून आपण चहाचा कप खाली ठेवतो आणि विषय संपतो. मी स्वतः शिक्षक म्हणून अनेक वर्षे काढली आहेत. मुलांना शिकवावे, साक्षर करावे, म्हणजे ती चांगले नागरिक होतील असे मीही सांगत आलो आहे. परंतु इतिहास वाचताना हे म्हणणे वाटते तितके सरळ नाही असे दिसून येते. त्याविषयी चार गोष्टी आपल्यापुढे मांडाव्यात म्हणून हा लेख.

आपल्या देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. मतदार होते १७ कोटींहून अधिक. १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे शंभर माणसांत जेमतेम अठरा साक्षर होती. देशातील आणि परदेशांतील कित्येक विद्वानांनी हा निव्वळ जुगार आहे असे म्हटले होते. परंतु मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी मोठ्या हिकमतीने मार्ग काढला. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर चिन्ह लावले. मतदाराने आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकायची, एवढेच काम. त्या लोखंडी पेट्यांपैकी लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या होत्या. उत्तरेकडील अनेक स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव सांगण्याचे नाकारले. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच त्या सांगत. सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. पुष्कळांनी त्यांना दोष दिला. मला स्वतःला वाटते की, सेन यांचे बरोबर होते. पुढील निवडणुकीपर्यंत त्यांतील बहुतेक स्त्रिया आपले नाव सांगावयास शिकल्या. मत हे माणसाचे असते, नात्याचे नव्हे, हे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांनाही यादीनेच शिकविले.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. पहिल्या महायुद्धानंतरचा जर्मनी हा जगातील अत्यंत सुशिक्षित देशांपैकी एक होता. निरक्षरता जवळजवळ नव्हतीच. गावोगावी वर्तमानपत्रे होती, विद्यापीठे नावाजलेली होती. या देशात आल्फ्रेड हुगेनबर्ग नावाचा एक धनाढ्य पुढारी होता. त्याच्या हाती मोठी प्रकाशनसंस्था होती. लहान गावांतील वर्तमानपत्रांना तयार मजकूर व बातम्या पुरविणारी यंत्रणा होती, आणि १९२७ पासून उफा ही मोठी चित्रपटसंस्थाही होती. छोट्या गावातील वाचकाला वाटे की आपण आपल्या गावचे, आपल्या ओळखीच्या संपादकाचे पत्र वाचत आहोत. आतला मजकूर मात्र बर्लिनहून शिजून येई. लोकशाही म्हणजे दुबळेपणा, प्रजासत्ताक म्हणजे देशद्रोह, हे वर्षानुवर्षे त्या वाचकाच्या कानीकपाळी ओरडले गेले. जुलै १९३२ मध्ये हिटलरच्या पक्षाला शंभरात सदतीस मते पडली, आणि ती मते देणारे वाचता-लिहिता येणारे लोक होते. जानेवारी १९३३ मध्ये हुगेनबर्ग हिटलरच्या मंत्रिमंडळात मोठ्या ऐटीत जाऊन बसला आणि पाच महिन्यांत बाहेर फेकला गेला. त्याने रचलेल्या सरणावर त्याचाही पक्ष जळाला. पण त्याची कीव करण्याचे कारण नाही.

तेव्हा साक्षरता आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानी ठेवून आपण आपल्याच देशातील १९७५ ते १९७७ या काळाकडे वळू.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. त्याच रात्री दिल्लीतील बहादुरशहा जफर मार्गावरील वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. त्यामुळे कित्येक पत्रे दुसऱ्या दिवशी निघूच शकली नाहीत. पाठोपाठ प्रसिद्धीपूर्व तपासणीचा हुकूम आला. दिल्लीच्या ‘इंडियन एक्स्प्रेस’ने २८ जूनला अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्याच सुमारास मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात निधनाच्या छोट्या जाहिरातींमध्ये ‘डी. ई. एम. ओक्रसी’ नावाच्या कोणा गृहस्थाच्या मृत्यूची वार्ता छापून आली. नाव एका दमात म्हणून पाहा, म्हणजे वारले ते कोण हे कळेल. तपासनिसाच्या नजरेतून ती जाहिरात निसटली खरी, पण असे थट्टेचे प्रसंग विरळाच. फेब्रुवारी १९७६ मध्ये चारही वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था केली गेली. वृत्तपत्र परिषद बरखास्त झाली. संसदेतील भाषणे निर्भयपणे छापता यावीत म्हणून फिरोज गांधी यांनी १९५६ साली खटपट करून एक कायदा करवून घेतला होता. तो त्यांच्याच पत्नीच्या सरकारने रद्द केला. इतिहास कधी कधी असा वाकुल्या दाखवितो.

बहुतेक मोठी पत्रे नमली हे कबूल केले पाहिजे. जी नमली नाहीत ती बहुधा लहान होती. साने गुरुजींनी सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाला फार सोसावे लागले. मिनू मसानी यांनी आपल्या मासिकातील मजकूर तपासनिसाने कापला म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारच्या धोरणाशी मतभेद व्यक्त करणे हा गुन्हा नव्हे व तपासनिसाने लोकांच्या बुद्धीला सक्तीचे वळण लावू नये. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडली. पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले.

या काळात आपल्या समाजाच्या दृष्टीने जी मोठी घटना घडली ती दिल्लीच्या तुर्कमान दरवाज्याची. एप्रिल १९७६ मध्ये तेथील जुनी घरे पाडण्याचे काम सुरू झाले. जवळच नसबंदीचे शिबिरही उघडले होते. १९ एप्रिलला रहिवाशांनी विरोध केला तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला. माणसे मेली. किती, याचे आकडे आजही निरनिराळे सांगितले जातात. आकडे निरनिराळे असण्याचे एक कारण हेच की, त्या दिवशी ते मोजून छापण्याची मुभा कोणाला नव्हती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. उत्तरेत शिक्षकांना माणसे आणून देण्याचे आकडे ठरवून दिले होते. ‘इतकी माणसे आणा, नाही तर पगार अडेल’ असे सांगितले जाई. महाराष्ट्र विधिमंडळानेही सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते, परंतु त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.

मी त्या वेळी कॉलेजात होतो. आमच्या मोहल्ल्यात संध्याकाळी अब्बा उर्दू दैनिक मोठ्याने वाचून दाखवीत आणि दहा-पंधरा माणसे ऐकत बसत. त्यांत एक म्हातारे विणकर चाचा असत. त्यांना अक्षरओळख नव्हती. वाचन संपले की ते दर दिवशी एकच प्रश्न विचारीत : ‘मियाँ, हे झाले. आता जे छापले नाही ते सांगा.’ सारे हसत. अब्बा मात्र हसत नसत. ते पेपराची घडी घालीत आणि रेडिओ बी.बी.सी.वर लावीत.

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्या. त्या का जाहीर केल्या याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. त्यांतील एक मत मला विशेष पटते : दीड वर्ष वर्तमानपत्रांत केवळ स्तुती छापून आली आणि शेवटी ती स्तुती छापवून घेणाऱ्यांनाच खरी वाटू लागली. दुसऱ्याच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी आपल्याही डोळ्यांवर येते ती अशी. ६ फेब्रुवारीला दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची जंगी सभा होती. त्याच संध्याकाळी लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनवर ‘बॉबी’ चित्रपट दाखविण्यात आला. लोक ‘बॉबी’ सोडून मैदानावर गेले.

१६ ते २० मार्च या दिवसांत मतदान झाले. शंभरातील साठ मतदारांनी मत दिले. १९७१ च्या शिरगणतीनुसार देशात साक्षर होते शंभरात चौतीस. ५४२ जागांपैकी काँग्रेसला १५४ मिळाल्या, जनता पक्षाला २९५. उत्तर प्रदेशातील ८५ व बिहारमधील ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. रायबरेलीत खुद्द पंतप्रधान सुमारे ५५ हजार मतांनी पडल्या. वर्तमानपत्रे मुकी, आकाशवाणी सरकारची, मतदार बव्हंशी निरक्षर, आणि तरीही हा निकाल! आम्ही त्या रात्री चहाच्या दुकानासमोर उभे होतो व रेडिओवर एकेक निकाल ऐकत होतो.

येथपर्यंतची कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते, आणि ‘अडाणी मतदार शहाणा असतो’ असे टाळीचे वाक्य म्हणून ती संपविली जाते. पण वाचकहो, निकालाचा दुसरा भाग पाहिल्याशिवाय उठू नका. आंध्रात त्याच निवडणुकीत काँग्रेसने ४२ पैकी ४१ जागा जिंकल्या. कर्नाटकात २८ पैकी २६. केरळात काँग्रेस आघाडीने सर्व २० जागा घेतल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी काँग्रेसला २० व जनता पक्षाला १९, म्हणजे जवळजवळ निम्मे-निम्मे. देश एक, आणीबाणी एक, वर्तमानपत्रांवरील बंधनेही तीच. मग उत्तर-दक्षिणेत एवढा फरक का पडला?

दक्षिणेतील मतदार कमी शहाणा होता असे कोणी म्हणणार नाही. केरळ तर साक्षरतेत तेव्हाही देशात पहिला होता. दक्षिणेला काँग्रेसला मत देण्याची स्वतःची कारणेही होती : जमीनसुधारणा, स्थानिक पुढारी, पक्षाची मजबूत बांधणी. परंतु एक मोठे कारण असे की, उत्तरेतील मतदाराला वर्तमानपत्राची गरजच पडली नाही. नसबंदीची गाडी त्याच्या दारात आली होती, बुलडोझर त्याच्या गल्लीत आला होता. त्याने जे पाहिले त्यावर मत दिले. दक्षिणेत हे अत्याचार त्या प्रमाणात झाले नाहीत. तेथील मतदारानेही जे पाहिले त्यावरच मत दिले. दिल्लीच्या तुर्कमान दरवाज्यात काय घडले हे हैदराबादच्या किंवा कोचीनच्या माणसाला कोणी सांगायचे? ते सांगण्याचे काम वर्तमानपत्राचे, आणि नेमके तेच बंद होते. स्वतःच्या अंगणातले मतदाराला कोणी शिकवावे लागत नाही. पण दुसऱ्याच्या अंगणातले दुःख त्याच्यापर्यंत पोचविणारा कोणी नसेल, तर त्याचे मत प्रामाणिक असूनही अपुरे राहते. माझ्या मते १९७७ चा खरा धडा हा आहे, आणि तो टाळीच्या वाक्यात बसत नाही.

छापील बातमी बंद झाली की तिची जागा अफवा घेते, हेही त्या काळात दिसले. उत्तरेत मुलांना लस टोचण्यासाठी आलेल्या माणसालाही लोक पळवून लावू लागले, कारण सुई म्हणजे नसबंदी असा समज पसरला. जे खरे होते त्याहून भलतेच पुष्कळ बोलले गेले. ते खोडून काढण्यास सरकारजवळ साधन उरले नव्हते. सरकारी बातमीवर विश्वास ठेवावा असे कोणाला वाटेनासे झाले होते.

१९७८ साली चव्वेचाळीसाव्या घटनादुरुस्तीने संसदेचा वृत्तांत छापण्याचा हक्क राज्यघटनेतच घातला गेला आणि अंतर्गत अशांततेच्या नावाखाली आणीबाणी लादण्याची वाटही बंद झाली. तपासनीस गेला. परंतु बातमी दडपण्याचे किंवा विकत घेण्याचे मार्ग तेवढ्याने संपले असे नव्हे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या वेळी एकमेकांची स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत, निरनिराळ्या लेखकांच्या नावाने, एकाच पुढाऱ्याच्या स्तुतीचा शब्दशः एकच मजकूर छापून आला. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची चौकशी भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने केली. म्हणजे हुगेनबर्गच्या तयार मजकुराची आठवण झाल्याशिवाय राहात नाही. तेथे एक मालक होता, येथे दर होता, एवढाच काय तो फरक.

आणि अफवेला आता मोहल्ल्यातून मोहल्ल्यात चालत जावे लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारी आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे असा मजकूर मोबाईलवर त्या भागात फिरत होता. तो मजकूर पुढे पाठविणाऱ्यांना वाचता येत होते. ते आपल्यासारख्यांच्याच शाळांतून शिकलेले असणार, हा विचार मला शिक्षक म्हणून अनेक रात्री छळतो.

विद्यार्थिमित्रांना एक काम सुचवितो. सुट्टीत एखाद्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात जा आणि एप्रिल १९७६ मधील कोणत्याही दैनिकाची बांधीव फाईल मागा. २० एप्रिलपासून पुढच्या आठवड्याचे अंक सावकाश चाळा व तुर्कमान दरवाज्याविषयी काय छापले आहे ते वहीत उतरवून घ्या. नंतर शहा आयोगाचा १९७८ सालचा अहवाल काढा आणि त्याच दिवसांविषयी तेथे काय आहे ते शेजारच्या पानावर लिहा. घरी आल्यावर ती दोन्ही पाने आपल्या आईवडिलांना वाचून दाखवा, आणि त्या वेळी त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी काय ऐकले होते ते विचारून तिसऱ्या पानावर लिहा.