आयईएलटीएस श्रवण परीक्षा : एकदाच ऐकू येणाऱ्या इंग्रजीची तयारी

ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करण्यासाठी आयईएलटीएसचा मार्ग निवडल्यास नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल श्रवण विभागात किमान ७ श्रेणी मागते. डॉक्टरांसाठी जनरल मेडिकल कौन्सिलची अट प्रत्येक विभागात किमान ७ व एकूण ७.५ अशी आहे. त्यामुळे वर्षानुवर्षे इंग्रजीतून काम केलेल्या व्यक्तीचीही नोंदणी एखाद-दुसऱ्या गुणासाठी लांबू शकते.

परीक्षेत ४ भाग व ४० प्रश्न असून ध्वनिमुद्रण सुमारे ३० मिनिटांचे असते आणि ते एकदाच ऐकवले जाते. दैनंदिन संवाद, सार्वजनिक विषयावरील निवेदन, शैक्षणिक चर्चा व व्याख्यान असा चढता क्रम असतो. साधारणतः ३० अचूक उत्तरांना ७ श्रेणी मिळते.

उत्तरे ध्वनिमुद्रणाच्या क्रमानेच येतात. म्हणून एखादे उत्तर निसटल्यास त्यात अडकून न पडता पुढील प्रश्नाकडे वळावे. अन्यथा एका चुकीपायी तीन प्रश्न हातचे जातात. वक्ता आधी एक वार वा रक्कम सांगून नंतर ती दुरुस्त करतो, तेव्हा अखेरचे विधान ग्राह्य धरावे. प्रश्नातील शब्द जसेच्या तसे क्वचितच ऐकू येतात. त्यामुळे आधी मिळणाऱ्या वेळेत त्यांचे समानार्थी शब्द मनात योजावेत.

मराठी भाषकांच्या काही अडचणी विशेष आहेत. मराठीत 'पंचवीस' म्हणताना एकक आधी येतो, इंग्रजीत दशक. घाईत मनातल्या मनात भाषांतर केल्यास २५ चे ५२ होण्याचा धोका असतो. 'थर्टीन' व 'थर्टी' यांतील भेद बहुधा आघातावरून कळतो. ब्रिटिश उच्चारात 'कॅन'मधील स्वर वाक्यात जवळजवळ लोपतो, तर 'कान्ट'मधील स्वर दीर्घ राहतो. शब्दान्तीचा अनेकवचनी 'एस' सुटल्यास उत्तर चुकीचे ठरू शकते.

शुद्धलेखन व शब्दमर्यादा काटेकोरपणे पाळावी; ब्रिटिश व अमेरिकन दोन्ही वर्णलेखने चालतात. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नये. कागदी परीक्षेत उत्तरे उतरवण्यास १० मिनिटे मिळतात, संगणकीय परीक्षेत केवळ तपासणीसाठी २ मिनिटे. सरावही तसाच करावा: बीबीसी रेडिओ ४ वरील एखादा भाग एकदाच ऐकून नावे, आकडे व मुद्दे टिपावेत आणि मगच पुन्हा ऐकून पडताळावेत.