ब्रिटनची ‘एमओटी’ तपासणी आणि जुनी माझदा एमएक्स-५

ब्रिटनमध्ये मोटारीच्या नोंदणीला तीन वर्षे पूर्ण झाली की दरवर्षी तिची सक्तीची तपासणी करून घ्यावी लागते. उत्तर आयर्लंडमध्ये ही मुदत चार वर्षांची आहे. तत्कालीन ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’ या खात्याच्या आद्याक्षरांवरून ही तपासणी ‘एमओटी’ म्हणून ओळखली जाते. खात्याचे नाव पुढे बदलले, तपासणीचे मात्र तेच राहिले. १९६० मध्ये तिची सुरुवात झाली, तेव्हा दहा वर्षांहून जुन्या वाहनांचे केवळ ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग तपासण्यात येत असे. १९६७ मध्ये तीन वर्षांची मर्यादा लागू झाली. भारतात खासगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण पंधरा वर्षांनी करावे लागते आणि योग्यता प्रमाणपत्राचा प्रश्न तेव्हा येतो, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही पद्धतींतील अंतर स्पष्ट होते.

तपासणी सरकारमान्य खासगी गॅरेजमध्ये होते. मोटारीसाठी कमाल शुल्क ५४ पौंड ८५ पेन्स इतके आहे. २० मे २०१८ पासून दोषांची किरकोळ, गंभीर आणि धोकादायक अशी वर्गवारी करण्यात येते. किरकोळ दोष असतानाही वाहन उत्तीर्ण होते. उर्वरित दोन प्रकारांत ते अनुत्तीर्ण ठरते. धोकादायक दोष आढळल्यास दुरुस्तीपूर्वी वाहन रस्त्यावर आणता येत नाही. याखेरीज, आज दोष नसला तरी पुढे लक्ष ठेवावे अशा बाबी तपासनीस सूचनेच्या स्वरूपात नोंदवतो. जुन्या मोटारीच्या बाबतीत या सूचनाच अधिक बोलक्या असतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स मोटार. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात ती प्रथम सादर झाली आणि १९९० मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आली. जपानमध्ये ती ‘युनोस रोडस्टर’ या नावाने विकली जात असे. २०१६ मध्ये या मोटारीच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. डोळे उघडावेत तसे वर येणारे हेडलाइट असलेली पहिली पिढी आणि १९९८ मध्ये आलेली, स्थिर हेडलाइटची दुसरी पिढी, या दोन्हींतील अनेक मोटारी ब्रिटनमध्ये आजही वापरात आहेत. इंजिन टिकाऊ असल्याचा त्यांचा लौकिक योग्यच आहे. एमओटीमध्ये त्या अडखळतात त्या इंजिनामुळे नव्हे, तर पत्र्यामुळे.

गंजाचा मार्ग

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचू नये म्हणून मीठ टाकण्यात येते. ओलावा आणि मीठ मिळून लोखंडाचे काय करतात, हे कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. एमएक्स-५ मध्ये याला रचनेची जोड मिळते. कापडी टपावरून ओघळणारे पावसाचे पाणी दोन्ही दारांच्या मागील बाजूस असलेल्या नळ्यांतून खाली सोडले जाते. या नळ्यांत पालापाचोळा आणि धूळ अडकली की पाण्याची वाट बंद होते आणि ते सिलमध्ये, म्हणजे दाराखालून जाणाऱ्या पोकळ पत्र्याच्या भागात, शिरते. तेथील निचऱ्याची छिद्रेही चिखलाने बुजलेली असतील तर पत्रा आतून गंजू लागतो. मागील चाकाच्या अलीकडचा कोपरा सर्वप्रथम जातो. वरच्या रंगावर फोड दिसू लागतो तोपर्यंत आतील थर बहुधा निकामी झालेला असतो.

दुसऱ्या पिढीत याहून चिंताजनक जागा पुढील बाजूस आहे. इंजिनाच्या दोन्ही अंगांनी पुढे जाणाऱ्या लांब पोकळ तुळयांना तेथे मजबुतीसाठी पत्र्याचे अधिक थर देण्यात आले. या थरांमध्ये ओलावा कोंडला जातो आणि तुळई आतून कुजते. पहिल्या पिढीत हा दोष इतक्या प्रमाणात आढळत नाही. बळकटीसाठी केलेला बदलच येथे अंगावर आला, असे म्हणावे लागते. समोरून धडक बसल्यास आघात झेलण्याचे काम याच तुळयांचे असल्याने हा प्रश्न केवळ देखणेपणाचा राहत नाही.

एमओटीच्या नियमानुसार प्रत्येक गंज दोष ठरत नाही. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सीटबेल्ट जेथे जोडलेले असतात, त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत भार वाहणारा पत्रा गंजून कमकुवत झालेला असेल तर मोटार अनुत्तीर्ण होते. सिलचा मागील कोपरा नेमका याच टापूत येतो. दुरुस्ती सलग वेल्डिंगने करणे आवश्यक असते. छिद्रात लांबी भरून वर रंग दिलेला चालत नाही.

उभ्या मोटारीचे दोष

एमएक्स-५ ही अनेक कुटुंबांत दुसरी मोटार असते. उन्हाळ्यात ती बाहेर निघते, उर्वरित काळ गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली असते. मोटार जपून ठेवली म्हणजे ती सुस्थितीत राहते, हा समज ब्रेकच्या बाबतीत टिकत नाही. मागील चाकांच्या कॅलिपरमधील सरकत्या पिना आणि हँडब्रेकची यंत्रणा न वापरल्याने जाम होते. परिणामी एका चाकावर ब्रेक जोरात लागतो, दुसऱ्यावर जेमतेम. या काळातील मोटारींसाठी मुख्य ब्रेकची किमान कार्यक्षमता ५० टक्के आणि हँडब्रेकची १६ टक्के असावी लागते. हँडब्रेकचा हा आकडा वरकरणी अगदी कमी वाटतो. तरीही तेथेच या मोटारी वारंवार अडतात. गंजलेल्या धातूच्या ब्रेकनळ्या, झिजलेले बॉल जॉइंट आणि सस्पेन्शनमधील फाटलेले रबरी बुश हेही नेहमीचे दोष होत. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. कमी धावलेल्या मोटारीत नक्षी शाबूत असते, पण रबर मात्र तडकलेले असते.

ब्रिटनमधील मोटारींच्या एकूण निकालांत दिव्यांचे दोष आघाडीवर असतात आणि एमएक्स-५ त्याला अपवाद नाही. हेडलाइटचा झोत योग्य उंचीवर न पडणे ही त्यातील सर्वसाधारण तक्रार. जपानमधून वापरलेल्या स्थितीत आयात झालेल्या ‘युनोस’ मोटारींना मागील धुक्याचा दिवा मुळात नसे. तो ब्रिटनमध्ये बसवण्यात येई. त्याची तात्पुरती केलेली वायरिंग वीस-पंचवीस वर्षांनी दगा देते.

धुराच्या चाचणीत मोटारीचे वय उपयोगी पडते. १ ऑगस्ट १९९२ पूर्वी वापरात आलेल्या एमएक्स-५ मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे. त्यानंतरच्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या निकषांवर तपासल्या जाणाऱ्या मोटारींना ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. या दुसऱ्या गटात थकलेला कन्व्हर्टर किंवा ऑक्सिजन सेन्सर अपयशाचे कारण ठरतो.

प्रमाणपत्राची मर्यादा

तपासनीसाला वाहनाचा कोणताही भाग उघडण्याची मुभा नसते. तो पाहू शकतो, हाताने हलवू शकतो आणि हलक्या अवजाराने ठोकून पत्र्याचा अंदाज घेऊ शकतो. दुसऱ्या पिढीतील पुढील तुळयांचा बराच भाग खालच्या प्लॅस्टिकच्या आवरणामागे दडलेला असतो. त्यामुळे आज उत्तीर्ण झालेल्या मोटारीची तुळई आतून पोखरलेली असू शकते आणि त्यात तपासनीसाची चूक नसते. विक्रीपूर्वी खालच्या बाजूस चोपडलेला ताजा काळा लेप खरेदीदाराने संशयानेच पाहावा. शक्य असल्यास आवरण काढून तुळया स्वतः पाहणे हाच खात्रीचा उपाय.

दरम्यान, कोणत्याही वाहनाचा मागील तपासण्यांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर नोंदणी क्रमांकाद्वारे विनामूल्य पाहता येतो. त्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण निकाल, मोटार किती मैल धावली याची नोंद आणि तपासनीसाच्या सूचना असतात. सिलवरील गंजाची सूचना तीन-चार वर्षे सलग येऊन वेल्डिंगविनाच अचानक नाहीशी झाली, तर तो लेपाचा परिणाम असण्याची शक्यता असते.

२०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न झालेल्या मोटारींना एमओटीतून सूट देण्यात आली आहे. हा नियम कायम राहिल्यास १९९० मधील पहिल्या एमएक्स-५ मोटारी २०३० मध्ये सक्तीच्या तपासणीतून बाहेर पडतील. मालकाला तपासणी स्वेच्छेने करून घेता येईल.